पडद्यावरील घरचे आणि परके

सन १९६० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी एखादा बारा वर्षांचा मुलगा सायंकाळी दूरचित्रवाणीच्या संचासमोर बसला, म्हणजे त्याला कोण दिसत असे? विस्तीर्ण माळावरून घोडा दौडवीत जाणारा अमेरिकन गुराखी दिसे. अमेरिकेतील मोठमोठ्या शहरांत चोरांचा पाठलाग करणारे पोलीस दिसत. 'शेरीफ' म्हणजे कोण, हे त्या मुलाला पक्के ठाऊक होते. टेक्सासचा उन्हाळा आणि तेथील निवडुंग यांची त्याला चांगली ओळख होती. परंतु ज्या रस्त्याने तो रोज ट्रामगाडीत बसून शाळेत जाई, तो रस्ता मात्र पडद्यावरील कोणत्याही कथेत त्याने पाहिलेला नसे. कथेतील माणसे इंग्रजीच बोलत, पण ते बोलणे त्याच्या आईवडिलांच्या बोलण्यासारखे नसे.

ऑस्ट्रेलियात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १९५६ च्या १६ सप्टेंबर रोजी सिडनी शहरात झाला. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात मेलबर्न येथे ऑलिंपिक सामने सुरू झाले, त्यामुळे तेथेही हे नवे यंत्र झपाट्याने घरोघरी पोचले. या देशात प्रारंभापासून दोन प्रकारची केंद्रे होती. एक प्रकार सरकारी पैशावर चालणारा, व त्याचे नाव एबीसी. दुसरा प्रकार खाजगी कंपन्यांचा. या कंपन्या प्रेक्षकांकडून एक पैसाही घेत नसत. त्यांची सारी मिळकत जाहिरातींची. साबण, मोटारी, बिस्किटे विकणारे व्यापारी त्यांना पैसे देत, आणि जितके अधिक लोक संचासमोर बसलेले असतील तितका जाहिरातीचा दर अधिक असे. वरवर पाहता अशी कंपनी लोकांना कार्यक्रम पुरविते असे वाटते, परंतु तिचा खरा व्यापार वेगळाच असतो. ती प्रेक्षक जमविते आणि त्यांचे लक्ष व्यापाऱ्यांना विकते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, म्हणजे पुढचा पुष्कळसा भाग आपोआप उलगडतो.

आपल्या देशातील कार्यक्रमांना उत्तेजन कसे देता येईल, याचा विचार करण्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने एक समिती नेमली होती. व्हिक्टर व्हिन्सेंट हे तिचे अध्यक्ष होते. समितीचा अहवाल १९६३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील एक आकडा त्या देशात आजही सांगितला जातो. दूरचित्रवाणीवर दाखविल्या गेलेल्या नाट्यकथांपैकी सुमारे ९७ टक्के कथा परदेशातून, आणि त्यांतील बहुतेक अमेरिकेतून आणलेल्या होत्या. बातम्या घरच्या होत्या, गाण्यांचे आणि विनोदाचेही काही कार्यक्रम घरचे होते. कथा तेवढी परक्यांची होती.

असे का व्हावे? ऑस्ट्रेलियात लेखक नव्हते किंवा नटांची वाण होती, असे मुळीच नव्हते. कारण साधे, पैशाचे होते. छापखान्यात खिळे जुळवून पुस्तकाची पहिली प्रत काढण्यास मोठा खर्च येतो. त्यानंतरची प्रत थोडा कागद आणि थोडी शाई एवढ्यातच निघते. पडद्यावरील कथेचेही तसेच आहे. एक तासाची कथा तयार करण्यासाठी लेखक, नट, दिग्दर्शक, छायाचित्रकार, सुतार, शिंपी, रंगभूषा करणारे, दिवे लावणारे अशी कितीतरी माणसे राबतात. पाहणारे दहा असोत की दहा कोटी असोत, हा खर्च तेवढाच. त्या काळी अमेरिकेची लोकसंख्या सुमारे १८ कोटी होती आणि ऑस्ट्रेलियाची जेमतेम १ कोटी. अमेरिकेतील मालिकेचा बहुतेक खर्च तेथील जाहिरातींतूनच भरून निघे. मग त्याच फितीची आणखी एक प्रत परदेशी विकताना निर्मात्याला जी किंमत येईल ती चालत असे, कारण येईल तो जवळजवळ सगळा नफाच. उलट ऑस्ट्रेलियात तसाच एक तास नव्याने तयार करावयाचा, तर सगळा भार १ कोटी लोकांच्या बाजारावर पडे. म्हणून विकत घेतलेला तास हा घरी केलेल्या तासाच्या मानाने फारच थोड्या किमतीत पदरी पडत असे.

यात आणखी एक मेख होती. अमेरिकेतील बड्या निर्मितिसंस्था आपल्या मालिका पुष्कळदा सुट्या विकत नसत, मोळी बांधून विकत. उत्तम मालिका हवी असेल, तर तिच्यासोबत चारदोन सामान्य मालिकाही घ्याव्या लागत. घेतलेला माल फुकट कसा घालवावयाचा? तोही कोठेतरी दाखविणे भाग पडे, आणि जागा तेवढी अडत असे.

गंमत अशी, की त्या देशात जाहिरातींसाठी मात्र कडक नियम होता. १९६० पासून दूरचित्रवाणीवरील जाहिराती ऑस्ट्रेलियातच तयार केलेल्या असाव्यात असा दंडक घालण्यात आला होता. तेव्हा मुलांना साबणाच्या वडीची गोष्ट आपल्या देशातील माणसांच्या तोंडून ऐकावयास मिळे, आणि साबणाच्या जाहिरातीपुढची गोष्ट परदेशी माणसांच्या तोंडून! तथापि या नियमाचा एक चांगला परिणाम झाला. जाहिराती तयार करता करता तेथील छायाचित्रकार व तंत्रज्ञ यांचा हात तयार झाला, आणि तो पुढे उपयोगी पडला.

आता वेळापत्रकाकडे वळावयाचे. दूरचित्रवाणीच्या दिवसातील सर्व तास सारख्या मोलाचे नसतात. दुपारी घरात थोडी माणसे असतात, मध्यरात्री जागी माणसे त्याहूनही थोडी. सायंकाळी कामावरून व शाळेतून सर्वजण परततात, जेवण होते, आणि घर संचासमोर येऊन बसते. हे तीनचार तास म्हणजे वाहिनीची खरी सुगी. त्या वेळेत कोणता कार्यक्रम बसवावयाचा, यासाठी प्रत्येक वाहिनीत स्वतंत्र अधिकारी असतात. बातम्यांना लोक हमखास येतात, म्हणून ज्याला पुढे आणावयाचे तो कार्यक्रम बातम्यांच्या पाठोपाठ ठेवतात. एखादी मालिका अगदी नवखी असेल, तर तिला दोन लोकप्रिय कार्यक्रमांच्या मधोमध बसवितात. बाजारात दोन चालत्या दुकानांच्या मधला गाळा मिळाला, की नव्या दुकानालाही गिऱ्हाईक लागते, तसेच हे. याच्या उलट, ज्या कार्यक्रमावर भरवसा नाही त्याला रात्री उशिराची वेळ देतात, किंवा आज या वारी तर उद्या त्या वारी असे हलवीत ठेवतात. लोक शोधून कंटाळतात आणि नाद सोडतात.

वर्षाचेही असेच आहे. ऑस्ट्रेलिया दक्षिण गोलार्धात असल्यामुळे तेथे डिसेंबर व जानेवारी हे भर उन्हाळ्याचे आणि सुटीचे महिने होत. त्या दिवसांत लोक समुद्रकिनारी जातात, संच बंद राहतात. म्हणून प्रेक्षकसंख्येची जी मोजणी जाहिरातदार प्रमाण मानीत आले, ती फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत सुमारे ४० आठवड्यांची होय. उत्तम माल या आठवड्यांसाठी राखून ठेवावयाचा आणि उरलासुरला, न खपलेला माल उन्हाळ्यात काढावयाचा, ही वाहिन्यांची रीत पडली. अमेरिकेत नव्या मालिका सप्टेंबरात सुरू होतात. त्या ऑस्ट्रेलियात पुष्कळदा फेब्रुवारीपर्यंत अडकवून ठेवल्या जात. पुढे महाजालामुळे लोकांना थांबवून धरणे अशक्य झाले. तेव्हा त्याच मालिका अमेरिकेनंतर काही दिवसांतच दाखविल्या जाऊ लागल्या, आणि 'आम्ही किती लवकर दाखवितो' याचीच जाहिरात होऊ लागली.

जाहिरातीचा हा प्रश्न वेळेइतकाच महत्त्वाचा आहे. वाहिनी आपल्या पुढील कार्यक्रमांची झलक अधूनमधून दाखविते. त्या अर्ध्या मिनिटात एखाद्या व्यापाऱ्याची जाहिरात दाखविली असती, तर पैसे मिळाले असते. तेव्हा झलक दाखविणे म्हणजे तितके पैसे सोडून देणे होय. मग कोणत्या मालिकेची झलक वारंवार दाखवावयाची? परदेशी मालिका येते ती कीर्ती घेऊनच येते. तिच्या नटांची छायाचित्रे मासिकांतून आधीच झळकलेली असतात, झलकीच्या फितीसुद्धा तयार असतात. घरच्या मालिकेसाठी हे सारे शून्यातून करावे लागते. त्यामुळे व्यवस्थापकाच्या मनात नकळत एक तोल बिघडतो. घरची मालिका आडवेळी लावली जाते, तिची झलक क्वचित दाखविली जाते, तिला प्रेक्षक थोडे मिळतात, आणि अखेर 'लोकांना घरचे आवडत नाही' असा निष्कर्ष काढून पुढच्या मालिकेस नकार दिला जातो. दाराला कुलूप लावावयाचे आणि पाहुणे आले नाहीत म्हणून तक्रार करावयाची, त्यातलाच हा प्रकार!

हा निष्कर्ष खोटा आहे, हे दाखवून देणारा पहिला मोठा माणूस म्हणजे मेलबर्नचे निर्माते हेक्टर क्रॉफर्ड. त्यांच्या संस्थेने पोलिसांच्या तपासावर 'होमिसाइड' नावाची मालिका तयार केली. २० ऑक्टोबर १९६४ रोजी मेलबर्नच्या सात क्रमांकाच्या वाहिनीवर तिचा पहिला भाग दाखविण्यात आला. पैसा बेताचा, साधने त्याहून बेताची. पण तिच्यातील रस्ते मेलबर्नचे होते, घरे मेलबर्नची होती, आणि पोलीस अधिकारी मेलबर्नच्या माणसांसारखेच बोलत होते. अमेरिकन मालिकांच्या खांद्याला खांदा लावून, सायंकाळच्या ऐन वेळेत ती उभी राहिली आणि त्यांना मागे टाकून गेली. तिचे पाचशेहून अधिक भाग झाले. तिचे यश पाहून नऊ क्रमांकाच्या वाहिनीने १९६९ मध्ये 'डिव्हिजन फोर' आणि तिसऱ्या वाहिनीने १९७१ मध्ये 'मॅटलॉक पोलीस' या मालिका क्रॉफर्ड यांच्याकडूनच करवून घेतल्या. दरम्यान १९६८ साली 'स्किपी' नावाच्या हुशार कांगारूची मालिका लहान मुलांसाठी निघाली. तिच्यात स्किपीचे काम एकाच नव्हे, तर आळीपाळीने अनेक कांगारूंनी केले होते. ही मालिका परदेशी विकली गेली आणि दूरदूरच्या देशांत पाहिली गेली. जो व्यापार अमेरिकेने ऑस्ट्रेलियाशी केला, तोच ऑस्ट्रेलियाने या कांगारूच्या साहाय्याने इतरांशी केला.

तरीही सारे सुरळीत झाले असे नाही. १९७५ च्या सुमारास तीनही वाहिन्यांनी, थोड्याथोड्या अंतराने, क्रॉफर्ड यांच्या तीनही पोलीस मालिका बंद केल्या. शेकडो लोकांचे काम गेले. त्याच काळात नट आणि तंत्रज्ञ 'दूरचित्रवाणी ऑस्ट्रेलियन करा' अशी चळवळ करीत होते, आणि वाहिन्यांनी हा सूड उगविला अशी शंका अनेकांनी बोलून दाखविली. ती खरी की खोटी, यावर तेथे एकमत झालेले नाही.

ज्या ठिकाणी व्यापारी हिशेब एका बाजूला झुकतो, त्या ठिकाणी सरकारला दुसऱ्या पारड्यात वजन टाकावे लागते. १९७३ साली गुणांची पद्धत सुरू झाली. घरच्या कार्यक्रमांना त्यांच्या प्रकारानुसार गुण मिळत आणि प्रत्येक वाहिनीला ठराविक गुण मिळवावे लागत. पुढे हे नियम बदलत गेले. १९९८ पासून सकाळी ६ ते मध्यरात्र या वेळेतील किमान ५५ टक्के कार्यक्रम ऑस्ट्रेलियन असावेत असे ठरले. पण नियम आला की पळवाटही येते. बातम्या, क्रिकेट, फुटबॉल व सकाळच्या गप्पा हे सारे ऑस्ट्रेलियनच. त्यांवरच ५५ टक्के सहज भरून निघत आणि नाट्यकथा कोरडीच राहिली असती. यास्तव नव्या नाट्यकथांसाठी स्वतंत्र अट घालावी लागली, आणि ती कथा सायंकाळी ५ ते रात्री ११ या वेळेतच दाखविली पाहिजे असेही लिहावे लागले. नियम करणाऱ्यांनी वेळापत्रकाची कला चांगली ओळखली होती! त्याच वर्षी तेथील सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गाठ सोडविली, किंवा वाढविली म्हणा. न्यूझीलंडशी झालेल्या व्यापारी करारामुळे त्या देशातील कार्यक्रमही घरचेच मानावे लागतील, असा निर्णय न्यायालयाने दिला.

वेळ आणि जाहिरात यांचे सामर्थ्य किती असते, हे 'नेबर्स', म्हणजे 'शेजारी', या मालिकेच्या कहाणीवरून जसे कळते तसे दुसऱ्या कशावरूनही कळत नाही. मेलबर्नच्या एका उपनगरातील बंद गल्लीत राहणाऱ्या कुटुंबांची ही साधी कथा. भांडणे, समेट, शाळा, लग्ने, हरवलेले कुत्रे, असा तिचा मसाला. १८ मार्च १९८५ रोजी सात क्रमांकाच्या वाहिनीवर ती सुरू झाली. मेलबर्नमध्ये तिला प्रेक्षक होते, सिडनीत मात्र फारच थोडे. १७० भाग झाल्यावर वाहिनीने ती बंद केली. प्रतिस्पर्धी दहा क्रमांकाच्या वाहिनीने ती उचलली. जुनी नेपथ्यरचना नष्ट झालेली असल्यामुळे घरांच्या भिंती पुन्हा उभाराव्या लागल्या. २० जानेवारी १९८६ रोजी मालिका नव्याने अवतरली. प्रारंभी तेथेही प्रतिसाद थंडच होता.

दहा क्रमांकाच्या वाहिनीने मग जे केले, ते परदेशी मालिकेच्या बाबतीत करताच आले नसते. अमेरिकेतील नट सिडनीच्या बाजारात कसा आणणार? पण मेलबर्नचे नट विमानाने तास दीड तासात सिडनीस येत. वाहिनीने त्यांना सिडनीच्या मोठमोठ्या बाजारसंकुलांत आणून उभे केले. शाळकरी मुले त्यांना पाहण्यास धावली, वृत्तपत्रांत छायाचित्रे आली आणि ज्या शहराने मालिकेकडे पाठ फिरविली होती, त्याच शहरात ती चढू लागली. १ जुलै १९८७ रोजी कथेतील स्कॉट आणि शार्लीन यांचे लग्न दाखविण्यात आले. शार्लीनचे काम कायली मिनोग या तरुण नटीने केले होते. पुढे ती गायिका म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. मालिका तीच, लेखक तेच, गल्लीही तीच. बदलले होते ते वाहिनीचे मन आणि तिने घेतलेले कष्ट.

पुढची कथा तर याहून मनोरंजक आहे. ब्रिटनच्या बीबीसीला १९८६ साली दिवसा दाखविण्यासाठी स्वस्तात काहीतरी हवे होते. तिने 'नेबर्स' विकत घेतली आणि २७ ऑक्टोबर १९८६ पासून दुपारच्या वेळेत लावली. जी मालिका मेलबर्नमध्ये घरची, ती लंडनमध्ये परदेशाहून आणलेला स्वस्त माल ठरली! दुपारी ती पाहणार कोण? परंतु शाळेच्या मधल्या सुटीत मुले ती पाहू लागली. बीबीसीच्या एका बड्या अधिकाऱ्याला ही बातमी त्याच्या शाळकरी मुलीकडून कळली असे सांगतात. १९८८ च्या जानेवारीपासून त्या दिवसाचा भाग सायंकाळी ५ वाजून ३५ मिनिटांनी, म्हणजे मुले घरी परतल्यावर, पुन्हा दाखविला जाऊ लागला. केवळ या एका बदलाने प्रेक्षकसंख्या भराभर वाढली. स्कॉट आणि शार्लीन यांचे लग्न ब्रिटनमध्ये ८ नोव्हेंबर १९८८ रोजी दाखविले गेले, तेव्हा ते पाहणारे सुमारे २ कोटी लोक होते. त्या वेळी ऑस्ट्रेलियाची एकूण लोकसंख्याच दीड कोटीहून थोडी अधिक होती.

मुलांच्या कार्यक्रमांची कहाणी इतकी सुखाची नाही. खाजगी वाहिन्यांनी मुलांसाठी वर्षाला २६० तास आणि अगदी लहानग्यांसाठी १३० तास कार्यक्रम दाखवावेत, असा नियम तेथे अनेक वर्षे होता. मुलांच्या कार्यक्रमांत जाहिरातींवर बंधने असतात, त्यामुळे त्यांतून मिळकत थोडी. वाहिन्या नियमापुरते तास भरीत आणि तेही कमी गर्दीच्या वेळी. 'मुले आता महाजालावर पाहतात, आमच्याकडे येत नाहीत' असे त्यांचे म्हणणे होते. १ जानेवारी २०२१ पासून ही सक्ती उठविण्यात आली. ५५ टक्क्यांची अट राहिली, पण त्यात मुलांचा ठराविक वाटा उरला नाही. त्यानंतर खाजगी वाहिन्यांवरील मुलांसाठीच्या नव्या नाट्यकथा जवळजवळ नाहीशाच झाल्या. ब्रिस्बेन शहरात तयार होणारी आणि जगभर आवडलेली 'ब्लूई' ही लहान कुत्रीची चित्रमालिका २०१८ साली सुरू झाली, ती सरकारी एबीसीवर.

'नेबर्स' मात्र चालतच राहिली. २००८ साली ब्रिटनमधील तिचे घर बदलले आणि ती बीबीसीवरून तेथील पाच क्रमांकाच्या वाहिनीवर गेली. तोपर्यंत मायदेशी तिचे प्रेक्षक बरेच घटले होते, आणि मालिकेचा खर्च भागत होता तो मुख्यतः ब्रिटनहून येणाऱ्या पैशावर. २०२२ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या त्या वाहिनीने मालिका घेण्याचे थांबवीत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी २८ जुलै रोजी ऑस्ट्रेलियात शेवटचा भाग दाखविण्यात आला. मेलबर्नच्या गल्लीतील घरचे दिवे लंडनमधून मालवले गेले. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या ॲमेझॉन कंपनीने पैसे घातले, तेव्हा ते पुन्हा लागले, आणि २०२५ च्या डिसेंबरात पुन्हा विझले.